डाव्या पारड्याखालचा थेंब

सोमवार, २ सप्टेंबर

मी स्वतःच्या हातांनी केलेल्या वस्तू:

१. कामाचं टेबल. सहा फूट लांब, छत्तीस इंच उंच. जुन्या दरवाजांचं लाकूड. एकही खिळा नाही, सगळे सांधे खाचेचे.
२. सोनाराचे तराजू, तीन. एक विकला, एक दिला, एक समोर आहे. मोहरीचा दाणा टाकला तरी मान हलवतो.
३. स्वयंपाकघरातलं फडताळ. दारं आवाज न करता मिटतात.
४. सौ.च्या शिवणयंत्राचा पायाने चालवायचा नवा पायटा. (तिने वापरला नाही. जुन्याचीच सवय होती म्हणाली.)
५. घराचं मुख्य दार, कुलपासकट.
६. पवनचक्की, चिरंजीवांच्या शाळेच्या प्रदर्शनासाठी. पहिला नंबर.
७. या चष्म्याची डावी काडी.
८. ही वही. शिवण, बांधणी, पुठ्ठा, सगळं माझं.

कोणाकडे शिकलो? कोणाकडेच नाही. मोडलेली वस्तू उघडायची, ती आपण होऊन सांगते.

यादी करण्याचं कारण वाचनालयातल्या बाई. वाचनालयाच्या फळ्यावर वजनकाट्यांच्या कारखान्याची जाहिरात लागली आहे. शिकाऊ कामगार हवेत, सहा जागा, वय सतरा ते एकोणीस. पोरं अर्ज नेतात आणि 'अनुभव' या रकान्यापाशी येऊन बसकण मारतात. आज बाई माझ्या टेबलापाशी आल्या.

"तुम्ही रोज पाच ते सात इथे असता. एकच वर्तमानपत्र दोनदा वाचता. त्यापेक्षा या पोरांना अर्ज भरायला शिकवा ना."

"दोनदा वाचत नाही," मी म्हणालो. "पहिल्यांदा बातम्या वाचतो, दुसऱ्यांदा छपाईच्या चुका."

"मग तर तुम्हीच पाहिजे," बाई म्हणाल्या आणि मागच्या खोलीची किल्ली माझ्यासमोर ठेवून गेल्या.

अनुभव नसेल तर काय लिहायचं? आपण काय केलं ते लिहायचं. म्हणून नमुना म्हणून वरची यादी. पोरांना दाखवताना क्रमांक चार वगळणार आहे.

गुरुवार, ५ सप्टेंबर

सात जण आले. मागच्या खोलीत टेबल भिंतीशी काटकोनात लावलं, पलीकडे एक खुर्ची, अलीकडे एक. दारावर कागद लावला: 'ठोठावून आत यावे.' तिघे न ठोठावता आले. एकाने ठोठावलं आणि आत आलाच नाही, दहा मिनिटांनी पाहिलं तर बाहेर उभाच.

हा बसचालकाचा मुलगा. वय अठरा, उंची सहा फूट एक इंच. पोरं त्याला शिडी म्हणतात.

"अरे, आत का नाही आलास?"

"तुम्ही 'या' म्हणाला नाहीत, काका."

यात तथ्य होतं. कागदावर दुरुस्ती केली.

मग लुटुपुटीची मुलाखत. मी साहेब, ते उमेदवार.

"तुमच्याबद्दल थोडं सांगा."

"काय सांगू?" शिडी म्हणाला. "मी आहे."

"आहेस ते दिसतंय. दुसरं काही?"

"दुसरं म्हणजे... बराच आहे."

सगळे हसले. मी हसलो नाही. साहेब हसत नसतात. तेवढ्यात मागून एक मुलगी म्हणाली, "साहेबांना विचारा की, तुमच्याबद्दल थोडं सांगा. त्यांना तरी येतंय का बघू."

ही लाँड्रीत काम करणाऱ्या बाईची मुलगी. वय सतरा, अंगाने सुतळी. तिला टाचणी म्हणतात. नाव ठेवणाऱ्याने काम चोख केलं आहे.

"प्रश्न मी विचारणार," असं म्हणून वेळ मारून नेली.

रविवार, ८ सप्टेंबर

चिरंजीवांचा फोन, अकरा वाजता. चार मिनिटं वीस सेकंद. गेल्या रविवारी चार मिनिटं दहा.

"बाबा, जेवलात?"

"अकरा वाजता?"

"म्हणजे, जेवणार आहात ना?"

सौ. तिकडेच आहे. नातू झाला तेव्हा तीन महिन्यांसाठी गेली. हा एकोणिसावा महिना. लहान मूल म्हणजे काम असतंच. ती फोनवर म्हणाली, "फडताळाच्या वरच्या खणात तुमचे गरम मोजे आहेत." मी म्हणालो, मला माहीत आहे, खण मीच केला आहे. मग तिने फोन ठेवला. मागे बाळ रडत होतं, म्हणून ठेवला असेल.

गुरुवार, १२ सप्टेंबर

सातांचे दोन राहिले, शिडी आणि टाचणी. बाकीच्यांनी बाईंना काय सांगितलं ते बाईंनी मला सांगितलं: "ते काका समास मोजतात." मोजतोच. डावीकडे सव्वा इंच हवा, कागद फायलीत टोचतात तेव्हा अक्षरं भोकात जातात. हे त्यांना कोण सांगणार?

पाठीमागे मला काटेकाका म्हणतात. मी वजनकाटे दुरुस्त करतो, त्यावरून. आवडलं नाही असं म्हणता येणार नाही.

आज यादीचा तास. शिडीने लिहिलं, 'अजून काही नाही.' टाचणीने लिहिलं, 'धाकट्या तिघांचे केस कापते. गिऱ्हाइकांच्या सुटलेल्या गुंड्या लावते. इस्त्रीची वायर तीनदा जोडली.'

मी केस कापणं खोडलं. ही वस्तू नव्हे.

"का? डोक्यावर दिसतात की सगळ्यांना," ती म्हणाली.

"आठवड्यात वाढतात."

"मग पुन्हा कापते. तुमचं टेबल पुन्हा करता येतं का तुम्हाला?"

जाहिरातीत शेवटी एक ओळ आहे, जी या कारखान्याची जुनी रीत आहे: 'उमेदवाराने स्वतः केलेली एक वस्तू मुलाखतीला आणावी.' शिडी तिवई करणार. टाचणी तराजू करायचं म्हणते. मी म्हणालो, वजनकाट्यांच्या कारखान्यात तराजू नेणं म्हणजे अंगावर ओढवून घेणं आहे. ती म्हणाली, "म्हणूनच."

नोकरी का हवी, हा प्रश्न मी दोघांना विचारला. शिडी म्हणाला, वडील म्हणतात म्हणून. (उत्तर बदलून घेतलं.) टाचणी म्हणाली, "तिथे प्रत्येक शिकाऊ कामगाराला कपाट मिळतं. लहान असतं, पण कुलपाचं. किल्ली आपल्याकडे."

"हे काय कारण झालं?"

"आम्ही एका खोलीत पाच जण आहोत, काका. माझी वेणीची रिबीनसुद्धा कोणीतरी वापरत असतं."

हेही उत्तर बदलून घेतलं. 'मला अचूक मोजमापाच्या क्षेत्रात रस आहे' असं म्हणायला शिकवलं. तिने पाठ केलं, पण म्हणताना तोंड असं केलं जणू औषध गिळते आहे.

सोमवार, १६ सप्टेंबर

इथे लिहायला हरकत नाही, ही वही कोणी वाचत नाही. मी आयुष्यात एकही मुलाखत दिलेली नाही.

मी चोवीस वर्षांचा असताना याच कारखान्यात अर्ज नेला होता. फाटकाशेजारी खिडकी होती, तिच्यातून कारकुनाने हात बाहेर काढला. प्रमाणपत्र कुठलं? प्रमाणपत्र नाही, तराजू आणला आहे, मी म्हणालो. त्याने अर्ज न उघडता परत दिला. तराजूकडे पाहिलंही नाही. फाटकाच्या आत मी कधी गेलो नाही.

त्याला अठ्ठावीस वर्षं झाली. या अठ्ठावीस वर्षांत या कारखान्याचे काटे बिघडले की दुकानदार माझ्याकडेच आणतात. त्यांच्या मालाची खोड मला त्यांच्यापेक्षा जास्त ठाऊक आहे.

तेव्हा 'खुर्चीच्या पुढच्या अर्ध्या भागावर बसावं' हे मी पोरांना कशाच्या जोरावर सांगतो? पुस्तकात वाचलं आहे. आणि विचार केला आहे. अठ्ठावीस वर्षं विचार केला आहे.

गुरुवार, १९ सप्टेंबर

टाचणी आता रोज संध्याकाळी माझ्याकडे काम करते. तिच्या घरी वस्तू पकडून धरणारा व्हाइस लावायला जागा नाही. दार उघडं ठेवतो, शेजारचा चांभार समोरच बसलेला असतो. तिला माझं टेबल उंच पडत होतं, म्हणून चोवीस इंचांचं स्टूल केलं. (यादीत क्रमांक नऊ.)

कानस चालवताना ती जीभ बाहेर काढते. मी काढू नको म्हणालो. ती म्हणाली, मग कानस चालत नाही.

आज दोन कप चहा केला. दुसरा कप फडताळाच्या तळातून काढून धुवावा लागला.

मंगळवार, २४ सप्टेंबर

तराजू झाला. पितळी पट्टीची दांडी, मधोमध छिद्र, दोन्ही बाजूंना डब्यांच्या झाकणांची पारडी. दोन्ही हात सारखे, मी स्वतः मोजले. पण रिकामा टांगला की उजवीकडे झुकत होता. डावं झाकण पातळ पत्र्याचं आहे.

ती दीड तास नुसती बघत बसली. मी जीभ दातांखाली धरली होती. मग तिने डाख लावायची कथलाची तार तापवायला घेतली, डावं पारडं पालथं केलं आणि त्याच्याखाली एक थेंब टाकला. टांगून पाहिलं. आणखी थोडा. टांगून पाहिलं. पुन्हा कानशीने जरासा खरवडला. काटा मधोमध येऊन थांबला.

"थांबला!" ती इतक्या मोठ्याने ओरडली की चांभार हातातलं पायताण घेऊन उठून आला.

"कुणाला लागलं?" त्याने विचारलं.

"तराजू थांबला, मामा!"

"अगं बाई, मग ओरडायचं कशाला? माझं दुकान दोन वर्षं थांबलंय, मी ओरडलो का?"

हिशेब बरोबर आहे, तराजू खरं तोलतो. पण तो थेंब! वाकडा, काळपट, लोंबणारा, जखमेवरच्या खपलीसारखा. दांडीच्या कडांवर कानशीचे ओरखडे. तिच्या घरी धाकटी तिघं आहेत, वाकवून ठेवतील म्हणून तराजू माझ्याकडेच ठेवून गेली. परवा सकाळी मुलाखत.

शिडीला म्हणालो, तुझी तिवईही ठेव, एक नजर टाकतो. तो म्हणाला, "नको काका, आई तिच्यावर बसून भाजी चिरते."

बुधवार, २५ सप्टेंबर

सकाळी पाच ते साडेआठ.

फक्त कडा साफ करायला घेतल्या होत्या. कडा साफ झाल्यावर छिद्र ओबडधोबड दिसू लागलं. ते रुंद करून आत पितळी नळी बसवली. मग पारडी विजोड दिसू लागली. दोन्ही नवी कापली, एकाच पितळी पत्र्यातून, त्यामुळे थेंबाची गरजच उरली नाही. दोरे बदलले. शेवटी दांडी चुन्याने घासली.

आता बघत राहावं असा झाला आहे. मोहरीचा दाणा टाकून पाहिला. मान हलवली.

वर्तमानपत्रात गुंडाळून सुतळीने बांधला. ती न्यायला आली तेव्हा म्हणालो, रस्त्यात उघडू नकोस, दोरे गुंततील. साहेबांच्या टेबलावरच उघड.

"काका, भीती वाटतेय."

"कशाला? वस्तू बोलेल."

तिचा चेहरा बघायला मी तिथे असायला हवा होतो असं वाटतं. उद्या फाटकापर्यंत जाणार आहे.

गुरुवार, २६ सप्टेंबर

फाटकाबाहेर बाकावर बसलो होतो. खिडकी आता बुजवली आहे, तिथे वेगळ्या रंगाच्या विटा दिसतात. नऊ ते साडेअकरा.

टाचणी बाहेर आली. मी उभा राहिलो. तिने गुंडाळी माझ्या हातात दिली.

"तुमचा तराजू."

"झाली का मुलाखत? काय विचारलं?"

"तुमची वस्तू तुमच्याकडे ठेवा," असं म्हणाली आणि चालू लागली. तिने पुन्हा मागे पाहिलं नाही. चालताना हात बाजूला ताठ धरले होते, मीच शिकवलं होतं तसे.

काय झालं ते शिडीने सांगितलं. दोघादोघांना आत बोलावत होते, म्हणून तो तिथेच होता. आत एक फोरमन होते, पांढऱ्या मिशांचे. त्यांनी गुंडाळी उघडली, तराजू टांगला आणि बराच वेळ बघत राहिले. मग विचारलं, "रिकामा असताना समतोल कसा साधलास?"

टाचणी म्हणाली, "डाव्या पारड्याखाली कथलाचा थेंब टाकला."

फोरमननी डावं पारडं उलटं केलं. थेंब नव्हता. त्यांनी उजवंही उलटं केलं.

"मग ती काय म्हणाली?"

"तिने स्वतःच पारडं हातात घेऊन पाहिलं. मग दांडी पाहिली. त्यांनी विचारलं, हे तू केलंस का? तर नाही म्हणाली. मग कोणी केलं? तर म्हणाली, माहीत नाही."

"माझं नाव नाही घेतलं?"

"नाही. त्यांनी कागदावर काहीतरी लिहिलं. मला उलटं वाचता येतं, काका. 'दुसऱ्याची वस्तू आणली' असं होतं."

शिडीला विचारलं, तुझं काय. तो लाजला. त्याची तिवई एका बाजूला कलते. फोरमननी विचारलं का कलते, तर म्हणाला, तिसऱ्या पायाला लाकूड पुरलं नाही, तीन मिलिमीटर कमी आहे, आई त्या बाजूला पाय टेकवते. त्याला घेतलं.

चौकट मारून लिहितो, म्हणजे माझ्या लक्षात राहील: कललेल्या तिवईला घेतलं.

शुक्रवार, २७ सप्टेंबर

तिने खोटं बोलायला हवं होतं असं मी म्हणत नाही. पण वस्तू आधीपेक्षा चांगलीच झाली होती ना? कोणीही पाहावं. वाईट काय केलं मी? साडेतीन तास खर्ची घातले. पितळ माझं.

संध्याकाळी ती आली नाही. चहा दोन कप झाला होता. दोन्ही प्यायलो.

रविवार, २९ सप्टेंबर

फोन. चिरंजीवांना सहज विचारलं, तुझी पवनचक्की आठवते का रे? चौथीत पहिला नंबर मिळाला होता.

तिकडे दार लोटल्याचा आवाज आला.

"माझा नाही मिळाला, बाबा. तुमचा मिळाला."

"अरे, नाव तर तुझंच होतं."

"मी पुठ्ठ्याची पाती केली होती. चार. निळ्या रंगाने रंगवली होती. सकाळी उठलो तर पत्र्याची होती."

"पुठ्ठ्याची वाऱ्याने वाकली असती."

"हो," तो म्हणाला. "वाकली असती."

मग मी विचारलं, ती पुठ्ठ्याची कुठे गेली? टाकली असतील. तर म्हणाला, नाही, आईजवळ आहेत. इकडे येताना तिने पेटीत घालून आणली.

ही मोठी विचित्र गोष्ट आहे. पेटीत नेता येईल तेवढं वजन भरलं होतं, मीच पेटी तोलून दिली होती. दोन स्वेटर बाहेर काढावे लागले होते. आणि हिने पुठ्ठ्याची चार पाती नेली. बायका कशासाठी काय नेतील, सांगता येत नाही.

नऊ मिनिटं पाच सेकंद.

सोमवार, ३० सप्टेंबर

मी काही टाकत नाही. भंगाराच्या डब्यात तिचं डावं पारडं सापडलं, थेंबासकट. सोनाराच्या तराजूत दोन्ही पारडी तोलून पाहिली, जुनं डावं आणि जुनं उजवं.

सारखी. मोहरीच्या दाण्याइतकाही फरक नाही.

दीड तास नुसतं बघून तिने हे साधलं होतं. माझ्या तराजूवाचून. पुन्हा तोललं. सारखीच.

दुपारी कानस हातात धरली नाही.

मंगळवार, १ ऑक्टोबर

फाटकाच्या आत गेलो. पहारेकऱ्याने कोणाला भेटायचंय विचारलं, मी म्हणालो, पांढऱ्या मिशांचे फोरमन. त्याने वहीत नाव लिहून घेतलं. एवढंच. अठ्ठावीस वर्षांत एवढंच करायचं होतं.

फोरमन माझ्याएवढेच असतील वयाने. मी न बसता, म्हणजे त्यांनी बसा म्हटलं होतं पण मी बसलो नाही, दोन्ही जुनी पारडी टेबलावर पालथी ठेवली.

"हा त्या मुलीचा थेंब. तिने टाकला होता. मी काढला."

"का?"

"वाईट दिसत होता."

त्यांनी पारडं उचललं, थेंबावरून अंगठा फिरवला. "तिला सांगितलं होतं, काढणार म्हणून?"

"नाही."

"ती तुमची कोण?"

"माझ्या टेबलावर काम करायची," मी म्हणालो.

"तुमचा तराजू फार सुंदर आहे हो," ते म्हणाले. "खरंच सांगतो. पण असा मला यंत्र करून देतं. पोरांनी काय आणलंय ते बघतो तेव्हा मला चूक बघायची असते आणि चुकीवर त्यांनी काय केलं ते. तुम्ही नेमकं तेवढंच पुसून टाकलंत."

मी म्हणालो, तिला पुन्हा बोलवा. इथे, तुमच्यासमोर, तुमच्या पत्र्यावर करू द्या. मी फाटकाबाहेरसुद्धा येणार नाही.

"सहावी जागा शुक्रवारपर्यंत धरता येईल," ते म्हणाले. "पण निरोप तुम्ही नका देऊ. आम्ही पत्र पाठवतो."

शनिवार, ५ ऑक्टोबर

शिडी सांगून गेला. काल टाचणीला तिथे बसवलं होतं. तराजू पहिल्यांदा डावीकडे झुकला, मग उजवीकडे. शेवटी थांबला.

"ओरडली का?" मी विचारलं.

"तुम्हाला कसं कळलं? सगळे यंत्रावरचे लोक बघायला आले."

घेतलं तिला.

शिडीला चहा विचारला. त्याला बस गाठायची होती. जाताना म्हणाला, "काका, तिला काही निरोप देऊ?" मी म्हणालो, काही नाही. नंतर वाटलं, समास सोडून लिही एवढं तरी सांगायला हवं होतं.

गुरुवार, १० ऑक्टोबर

संध्याकाळी सहा वाजता टाचणी दारात उभी. आत आली नाही. कारखान्याचा निळा डगला, बाह्या तीन बोटं लांब आहेत. मी दुमडून टाके घालून देतो म्हणणार होतो, पण म्हणालो नाही.

तिने गळ्यातली दोरी वर काढली. दोरीला किल्ली होती. लहान, पितळी, एकशे बारा नंबरची.

"छान आहे," मी म्हणालो.

"कपाटात काय ठेवू कळत नाही. रिकामंच आहे. कुलूप लावून ठेवते."

चांभार कान देऊन ऐकत होता, ठोकायचं थांबला होता.

"माझं जुनं पारडं आहे का तुमच्याकडे? थेंबवालं? फोरमनसाहेब म्हणाले, तुम्ही परत नेलंत."

खणातून काढून दिलं. तिने लगेच पालथं केलं.

"हात नाही ना लावलात?"

"पुसलंसुद्धा नाही. धूळ आहे बघ."

तिने धुळीवरून बोट फिरवलं. हसली की नाही सांगता येत नाही, अंधारून आलं होतं. "येते, काका," म्हणाली. इथे 'येते' म्हणून जाणारी माणसं कधी येतात ते मी मोजायचं सोडलं आहे.

ती गेल्यावर यादी काढली. क्रमांक सहा, पवनचक्की, खोडला. एक रेघ, पट्टी न धरता.

स्टूल टेबलाखाली सरकवून ठेवलं.

रविवार, १३ ऑक्टोबर

फोन. सौ.ला म्हणालो, ती पाती अजून निळी आहेत का? ती म्हणाली, "अहो, तुम्हाला काय झालंय?" काही नाही, सहज, मी म्हणालो. मग ती म्हणाली की एका पात्याचा रंग उडाला आहे, बाळाने तोंडात घातलं.

मी म्हणालो, रंगवू नकोस.

तिने फोन ठेवला नाही. मागे बाळ रडत नव्हतं. अकरा मिनिटं चाळीस सेकंद. तिकडे कधी येऊ ते विचारायचं राहून गेलं. किंवा तिने यायचं, ते.

सोमवार, १४ ऑक्टोबर

वाचनालयातल्या बाईंनी पाच नवी पोरं गोळा केली आहेत. संध्याकाळी पहिला तास. एकाने अर्जावर समास सोडला नव्हता. मी दोन्ही हात मांड्यांखाली घेऊन बसलो. शेवटी त्याने स्वतःच विचारलं, "काका, अक्षरं भोकात जातील का?" जातील, मी म्हणालो. त्याने नवा कागद घेतला.

दुपारी कारखान्याचे फोरमन घरी आले होते. स्वतः. त्यांनी माझं टेबल पाहिलं, खालून हात फिरवून सांधे पाहिले, फडताळाचं दार तीनदा उघडमीट केलं. चहा घेतला, दुसरा कप कामी आला. मग खिशातून घडी केलेला कागद काढून समोर ठेवला. कारखान्याच्या नावाचा, शिक्का मारलेला. वर माझं नाव टाइप केलेलं. समास डावीकडे बरोबर सव्वा इंच.

"प्रमाणपत्राचं काय?" मी विचारलं.

"तुमच्या तराजूला कोण विचारतो प्रमाणपत्र," ते म्हणाले.

मी कागद दोनदा वाचला. पहिल्यांदा मजकूर, दुसऱ्यांदा चुका. चूक नव्हती. त्यांना सांगितलं, तुमच्याकडचं कामाचं टेबल दोन बोटं बुटकं आहे, माझी कंबर धरेल. ते हसले, म्हणाले, टेबल उचलून घेऊ. मग मी दुसरं कारण शोधलं नाही. कागदाची होती तशीच घडी घालून परत दिला.

नोंद राहावी म्हणून लिहितो.

जागा: तपासणी कारागीर, शिकाऊ विभाग. कामाचं स्वरूप: शिकाऊ कामगारांनी केलेल्या वस्तूंवर, त्या विकायला जाण्याआधी, शेवटचा हात फिरवणे. वेळ: आठ ते पाच. स्वतःचं कपाट, कुलपासह. पगार: महिना अठ्ठेचाळीस हजार सहाशे.

नाही म्हणालो.